हाकेच्या अंतरावर असूनही ओ का देत नाहीत? ४५ डेसिबेलचा खरा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा. वडील ७३ वर्षांचे, भोसरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधून (जिथे यंत्रांच्या दणक्याने पत्रे कापतात-वाकवतात) निवृत्त झालेले. घर बोपोडीला, हॉलची खिडकी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकडे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, वडील हॉलमध्ये असतात, म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर. तरी ओ देत नाहीत. शेजारी बसून बोललं तर बरंचसं कळतं. रेल्वेचा भोंगा नीट ऐकू येतो. पुन्हा मोठ्याने बोललं की 'ओरडतेस कशाला?' म्हणतात. आईचं मत पक्कं झालंय की त्यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या, रिपोर्टवर दोन्ही कानांची सरासरी ४५ डेसिबेल आली आहे. म्हणजे नक्की किती अंतरावरचं ऐकू येत असेल? आणि कानाचं मशीन लावलं की स्वयंपाकघरातली हाक ऐकू येईल का?

मी पुण्यात बरीच वर्षं ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून काम करते आहे. हाच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे येतो, आणि जवळपास प्रत्येक घरात त्यामागे थोडी भांडणं आणि बरंच दुखावलेपण साचलेलं असतं. म्हणून आधी सरळ उत्तर देते. ४५ डेसिबेल म्हणजे नेहमीच्या आवाजातलं बोलणं शांत खोलीत साधारण एक मीटरवरून, म्हणजे तीन-सव्वातीन फुटांवरून, जेमतेम पकडता येतं. त्यापलीकडे आवाज येतो, शब्द येत नाहीत. मशीन लावल्यावर हाक बहुतेक ऐकू येईल, पण हाकेमागचं वाक्य कळेलच असं नाही. आणि तुमचे वडील टाळाटाळ करत नाहीत. हे शेवटचं वाक्य आईंना आजच वाचून दाखवा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आता हिशोब. रिपोर्टवरचा शून्य म्हणजे आवाजच नाही असं नव्हे. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य. या मापात एक मीटरवरून शांतपणे बोलणाऱ्या माणसाचा आवाज ४५ ते ५० च्या आसपास पडतो. वडिलांचा ऐकू येण्याचा उंबरठाच, म्हणजे त्यांना जेमतेम ऐकू येणारा आवाजच, ४५ आहे. तेव्हा समोर मीटरभरावर बसलेल्या माणसाचं बोलणं त्यांच्यासाठी ऐकू येण्याच्या काठावर असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. दोन मीटरवर ६ गेले, चार मीटरवर १२, आठ मीटरवर १८. उलट अर्धा मीटर जवळ आलात तर ६ मिळाले, पाव मीटरवर १२. शेजारी बसल्यावर 'बरंचसं कळतं' ते या १२ डेसिबेलमुळे.

मोठ्याने मारलेली हाक साध्या बोलण्यापेक्षा १५-२० डेसिबेलने मोठी असते. स्वयंपाकघर ते हॉल सात-आठ मीटर धरलं, तर अंतरात जवळजवळ तेवढेच डेसिबेल खर्च होतात आणि हाक वडिलांच्या कानाशी पोचते तेव्हा पुन्हा त्याच काठावर असते. मग सगळं बारीकसारीक गोष्टींवर ठरतं. दार उघडं आहे की लोटलेलं, आई हॉलकडे तोंड करून आहेत की गॅसकडे, मिक्सर चालू आहे का, कुकरची शिटी झाली का, बाहेर बस थांबली आहे का. एकदा ओ येते, दोनदा येत नाही. घरच्यांना हा लहरीपणा वाटतो. काठावरचा आवाज असाच वागतो, कधी अलीकडे तर कधी पलीकडे.

हाकेचं अंतर ही आपल्याकडची जुनी मोजणी आहे. कोस हा शब्द संस्कृतातल्या क्रोश वरून आला, क्रोश म्हणजे आरोळी. आक्रोशातला क्रोश तोच. गाईचं हंबरणं ऐकू येईल तेवढ्या अंतराला गोरुत म्हणत. या मोजण्या मला फार अचूक वाटतात, कारण त्या फक्त ऐकू जाण्याचं अंतर सांगतात. आरोळी कोणीतरी ठोकली एवढं कळण्याचं अंतर मोठं असतं. तो काय म्हणाला हे कळण्याचं अंतर त्याच्या कितीतरी आत संपतं. धडधाकट कानांनाही हा फरक आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो एवढा रुंदावतो की दोन्ही अंतरं वेगळीच धरावी लागतात.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरातली बहुतेक कोडी इथे सुटतात. आपल्या बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो. आ, ओ, ए हे खालच्या पट्टीतले, दमदार आवाज; ते भिंती ओलांडून लांब जातात. अर्थ ठरवणारं बरंचसं काम मात्र व्यंजनं करतात, आणि स, श, त, ठ, क, च, फ ही व्यंजनं बारीक, दुबळी आणि वरच्या पट्टीतली असतात. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीत उतरतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्यात प्रेस शॉपची भर आहे. वर्षानुवर्षं दणक्यांच्या आवाजात काम केलेल्यांच्या ऑडिओग्रामवर (रिपोर्टवरच्या आलेखावर) ४००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या, आसपास ठळक खड्डा दिसतो. रिपोर्ट काढून पाहा. २५० आणि ५०० वर रेघ बरी असेल, २००० नंतर उतार लागला असेल. सरासरी ४५ असली तरी वरच्या पट्टीत आकडा ६० किंवा ७० असू शकतो. सरासरी हा या रिपोर्टवरचा सर्वांत कमी बोलका आकडा आहे. मी तरी आधी उतार पाहते.

म्हणून 'सात' की 'साठ' हे कळत नाही. ताप, साप, चाप, काप या सगळ्यांतला 'आ' कानावर पडतो आणि पुढचं मन भरून काढतं. औषधाची गोळी सातला घ्यायची, भाजीचे साठ रुपये द्यायचे, अशा ठिकाणी मन चुकीचं भरून काढतं आणि वादाला तोंड फुटतं. रेल्वेचा भोंगा मात्र जोरदार असतो आणि त्यात कळून घेण्यासारखं व्यंजन नसतं. तो ऐकू येतो यावरून बोलणं कळायला हवं असा निष्कर्ष निघत नाही.

'अहो' या हाकेचंही तसंच आहे. 'अहो' जवळजवळ नुसत्या स्वरांची हाक आहे, ती चांगली लांब जाते. अडचण त्यानंतरच्या वाक्याची. 'अहो, ते दूध उतू गेलं का बघा जरा' यातलं 'अहो' पोचतं, बाकीचं विरतं. वडील एक तर 'काय?' म्हणतात, नाहीतर अंदाजाने 'हो' म्हणून मोकळे होतात. दिवसात वीस वेळा 'काय?' विचारायची लाज वाटायला लागली की माणूस 'हो' म्हणायला शिकतो. आणि एक दिवस ओ द्यायचंच सोडतो. सोयीचं ऐकू येतं, हा आरोप मला म्हणूनच लागतो. जे ऐकू येतं ते बहुतेक ओळखीच्या विषयावरचं, जवळून, समोरासमोर, भारदस्त आवाजात बोललेलं असतं. पेन्शन, क्रिकेट, नातेवाइकांची नावं ही अर्धवट ऐकली तरी पूर्ण होतात. नातवंडांचं बोलणं बारीक, भरभर आणि पाठमोरं; ते निसटतं. यात आवडनिवड नाही.

'ओरडतेस कशाला?' याचंही कारण कानातच आहे. अशा नसेच्या बहिरेपणात हळू आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठे आवाज सहन होण्याची वरची मर्यादा वाढत नाही. दोहोंमधला पट्टा अरुंद होतो. म्हणून आवाज थोडा चढवला की 'काही ऐकू येत नाही' वरून थेट 'कान फुटतील' वर उडी जाते. शिवाय ओरडताना स्वरच मोठे होतात, व्यंजनं तेवढीच राहतात किंवा त्या दणक्याखाली दबतात. चेहरा ताणला जातो, ओठ वाचता येत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला फक्त राग पोचतो. ओरडू नका. जवळ जा.

खोलीही या सगळ्यात सहभागी असते. विजापूरच्या गोल घुमटात सज्जाच्या एका बाजूची कुजबुज सुमारे ३८ मीटर पलीकडे ऐकू येते, पण तिथेच चार माणसं मोठ्याने बोलू लागली की एकाचंही वाक्य धड कळत नाही. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या असलेला हॉल हे त्याचंच लहान रूप आहे. बोलणाऱ्यापासून साधारण मीटरभरापलीकडे गेलं की थेट आलेल्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज वरचढ होतो. पातळी फार उतरत नाही, पण शब्दांच्या कडा पुसतात. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, कापडी सोफा यांनी फरक पडतो. फार खर्च करायचा नसेल तर निदान खिडकीला जाड पडदा लावा.

त्या खिडकीबद्दल आणखी थोडं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. मर्यादा पाळली गेली असं धरलं तरी मीटरभरावरचं बोलणं ६० (हे ध्वनिमापकाचं माप; रिपोर्टच्या मापात तेच बोलणं ४५-५०) आणि मागचा गोंगाट ५५, म्हणजे फरक जेमतेम ५ डेसिबेलचा. हमरस्त्याकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी तोही उरत नाही. तरुण कान गोंगाट आणि बोलणं सारख्याच पातळीला असले तरी निभावून नेतात. तुमच्या वडिलांच्या कानांना बोलणं गोंगाटापेक्षा बऱ्याच डेसिबेलने वर हवं असतं. त्यांची बसायची खुर्ची त्या खिडकीखाली असेल, तर आजच ती आतल्या भिंतीकडे सरकवा. टीव्ही चालू ठेवून गप्पा मारणं बंद करा.

आता मशीन. ४५ डेसिबेलच्या उणिवेसाठी साधारण तिच्या निम्म्याच्या आसपास, २०-२५ डेसिबेल, वाढ दिली जाते. वरच्या पट्टीत जास्त, खालच्या पट्टीत कमी. कागदावर ही वाढ अंतर तीन-चार वेळा दुप्पट करते. एक मीटरचे आठ ते सोळा मीटर होतात. म्हणून शांत घरात स्वयंपाकघरातली हाक ऐकू येईल असं मी म्हणते. पण मशीनचा माईक वडिलांच्या कानावर असतो, आईंच्या तोंडापाशी नसतो. आईंचा आवाज त्या माईकपर्यंत पोचेस्तोवर जेवढा गोंगाट आणि जेवढे पडसाद त्यात मिसळले, तेवढे सगळे त्याच्याबरोबर मोठे होतात. समोरचा आवाज वेगळा काढणारे दिशादर्शक माईक चांगल्या मशीनमध्ये असतात. प्रत्यक्ष घरात त्यांचा फायदा तीन-चार डेसिबेलच्या घरात राहतो. चार मीटरवरून एक मीटरवर चालत आलात तर १२ डेसिबेल मिळतात, फुकट. हे गणित मी प्रत्येक कुटुंबाला कागदावर मांडून दाखवते, कारण लाखभर रुपयांचं मशीन घेऊन लोक पुन्हा स्वयंपाकघरातूनच बोलत राहतात आणि मग मशीन कपाटात जातं.

तरीही मशीन घ्या असंच माझं मत आहे, आणि ते आत्ता घ्या. ४५ ही सुरुवात करायला चांगली वेळ आहे. आणखी दहा वर्षांनी, ७० डेसिबेलवर, ८३ व्या वर्षी पहिल्यांदा मशीन लावणाऱ्या माणसाला सवय होणं खूप जड जातं. दोन्ही कानांत उणीव असेल तर दोन्ही कानांना लावा. आवाज कुठून आला हे ओळखायला मेंदूला दोन कान लागतात, आणि हाक कुठून आली हेच तुमच्या घरात ओळखायचं आहे. विकत घेण्याआधी काही दिवस घरी वापरून पाहू द्या असं सांगा. कानाच्या नळीत बारीक माईक घालून प्रत्यक्ष पडद्यापाशी किती आवाज पोचतो ते मोजतात का, हे विचारा. कानागणिक नळीचा आकार वेगळा असतो. मशीन जुळवणाऱ्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे ना, ते पाहा. पहिले काही आठवडे भांड्यांचा, वर्तमानपत्राचा, स्वतःच्या आवाजाचा त्रास होईल. मेंदूला हे आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला शांत घरात रोज काही तास, मग बाहेर. लक्ष्मी रोडची गर्दी पहिल्या आठवड्यात नको.

मशीनमुळे स्मृतिभ्रंश टळतो असं विक्रेते हल्ली सांगतात, म्हणून तेही सांगते. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठी अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली, ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरची. तीन वर्षांनी सगळ्यांना मिळून पाहिलं तर बुद्धीच्या उतरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासूनच जास्त धोका होता त्यांच्यात उतरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. आश्वासन देण्याइतकं हे नाही. घरातल्या बोलण्यात परत सामील होता येणं एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

अंतराच्या अडचणीवर खास उपाय हवा असेल तर तो रिमोट माईक. कुंकवाच्या डबीएवढा माईक आईंनी पदराला किंवा गाऊनच्या गळ्याला लावायचा. त्यांचा आवाज बिनतारी थेट वडिलांच्या मशीनमध्ये जातो. माईक तोंडापासून वीतभर, म्हणून मधल्या आठ मीटरचा आणि रस्त्याच्या गोंगाटाचा परिणाम बराच कमी होतो. जेवणाच्या टेबलावर, प्रवचनाला, मोटारीत मागच्या सीटवरून बोलताना याचा मोठा उपयोग होतो. सगळ्या मशीनना तो जोडता येत नाही, तेव्हा मशीन निवडतानाच हे विचारून घ्या. दाराच्या बेलसाठी लुकलुकणारा दिवा मिळतो, तो लावा.

आणि घरातली रीत बदला. आधी फक्त हाक मारा, वाक्य नको. ते वळून पाहीपर्यंत थांबा, नाहीतर हॉलच्या दारापर्यंत या. चेहऱ्यावर उजेड असू द्या. मग नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. 'साठ' नाही कळलं तर 'सहावर शून्य' म्हणा. 'जाऊ दे, काही नाही' हे मात्र कधीही म्हणू नका. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना सर्वांत जास्त लागलेलं वाक्य कोणतं असं मी विचारते, तेव्हा बहुतेक वेळा हेच पुढे येतं.

घरातल्या इतर वडीलधाऱ्यांचे कान चाचपून पाहायचे असतील तर एक साधी पद्धत आहे. त्यांच्या मागे हातभर, साधारण ६० सेंटिमीटरवर उभे राहा. एका कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटाने दाबून हलकेच चोळत ठेवा, म्हणजे तो कान बाजूला पडेल. पूर्ण श्वास सोडा आणि तीन अंक-अक्षरं कुजबुजा: पाच, क, दोन. तिन्ही बरोबर सांगितली तर ठीक. चुकलं तर दुसरी तीन घ्या; सहापैकी तीन तरी बरोबर यायला हवीत. तेवढीही आली नाहीत तर ऑडिओमेट्री करून घ्या. त्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या, कारण कधी कधी सगळी गडबड मळाची असते. मळ काढायला काडी, पिन किंवा गरम तेल घरी घालू नका.

काही लक्षणं मात्र थांबू देत नाहीत. एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत कमी झालं तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पहिल्या ७२ तासांत उपचार सुरू होणं चांगलं. एकाच कानात उणीव किंवा सतत गुंजारव, कानातून पू, गरगरणं, यांतलं काही असेल तर मशीनचा विचार नंतर.

दिव्यांग प्रमाणपत्राचा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकू कमी येणारी व्यक्ती' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबेल उणीव असलेली. ४५ त्यात बसत नाही.

पुढच्या भेटीला जाताना रिपोर्टची दुसरी बाजूही पाहा. तिथे स्पीच स्कोअर टक्क्यांत लिहिलेला असतो: पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवले तर त्यातले किती ओळखले. तो रकाना रिकामा असेल, किंवा चाचणी इंग्रजी किंवा हिंदी शब्दांवर झाली असेल, तर मराठी शब्दांवर करून मागा. स्कोअर ८०-९० च्या घरात असेल तर मशीनचा चांगला फायदा होईल. ५० च्या खाली असेल तर आवाज कितीही वाढवला तरी शब्द धूसर राहतील. तेव्हा मशीनवरचा खर्च आटोपशीर ठेवा, आणि रिमोट माईक व जवळ जाऊन बोलणं यांवर भर द्या.